अंधुक काकू आणि बिनझुमाची लेन्स

देवाने निरीक्षणशक्ती म्हणून जी काही चीज तयार केली, तिचे तीन वाटे पडले. दोन वाटे एकट्या भिंगरावांना मिळाले आणि उरलेला एक घार, मांजर आणि समोरच्या बिऱ्हाडातली बाई यांनी आपसांत ओढाताण करून वाटून घेतला. हे आमचं म्हणणं नाही. हे खुद्द भिंगरावांचं म्हणणं आहे आणि ते कोणालाही, न विचारता, उभ्या उभ्या ऐकवतात. नुसत्या चपलांकडे पाहून माणूस कुठून आला, कुठे निघाला आणि घरी काय थाप मारून आलाय हे मी सांगतो, असंही ते म्हणतात. एकदा दारातल्या चपला पाहून त्यांनी छातीठोक सांगितलं, की हा इसम चिखलातून आला आहे, स्वभावाने विसराळू आहे आणि डाव्या पायाने लंगडतो. चपला त्यांच्याच निघाल्या. लंगडण्याचं कारण डाव्या चपलेत अडकलेला खडा होता. म्हणजे तिन्ही निष्कर्ष बरोबर आले, हे ते आजही अभिमानाने सांगतात.

नोकरीत असताना भिंगराव घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचायचे. परक्या घरात हक्काने शिरायचं, जिन्याखालच्या अंधारात वाकून काहीतरी पाहायचं आणि गंभीरपणे मान हलवत बाहेर पडायचं, यात उभा जन्म गेला. निवृत्तीनंतर मीटर सुटले, शिरणं सुटलं नाही. त्यांनी एक गुडघ्याखाली येणारा कोट शिवून घेतला, बशीएवढं भिंग विकत आणलं आणि स्वतःला गुप्तहेरशिरोमणी ही पदवी दिली. लोकांनी त्यातलं फक्त भिंग लक्षात ठेवलं.

त्यांचा सहायक म्हणजे त्यांचा साडू. चौकाच्या कोपऱ्यावरच्या लाँड्रीचा मालक. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे या सहायकाला राजीनामा द्यायची सोय नव्हती. स्वभावाने मऊ माणूस. लोकांच्या शर्टांच्या चुण्या मोडता मोडता स्वतःच्या कपाळावर सगळ्या जमा झालेल्या. भिंगराव दुकानात शिरले की लाँड्रीवाले आधी त्यांच्या हाताच्या टप्प्यातले पांढरे कपडे उचलून ठेवत. एवढा एकच धडा ते या सहवासात शिकले होते, पण पक्का शिकले होते.

त्या दिवशी मात्र भिंगराव स्वतःहून आले नव्हते. लाँड्रीवाल्यांनीच बोलावलं होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे काडीने कोट घातला होता, एवढंच.

"साडू," भिंगराव कपड्यांच्या रांगेखालून वाकून आत येत म्हणाले, "तुमच्या दुकानात काहीतरी बिनसलंय. कोणी सांगितलं नाही. मी ओळखलं."

"मीच तर फोनवर सांगितलं."

"त्याच्याही आधी ओळखलं. दुकानात शांतता आहे."

हे मात्र खरं होतं. लाँड्रीत यंत्रं होती, वाफ होती, रस्त्याचा गोंगाट होता, पण धाकटीचा आवाज नव्हता.

धाकटी म्हणजे लाँड्रीवाल्यांच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ गाडीवरून कपडे पोचवायचा आणि घरातलं बोलायचं खातं त्याने बायकोकडे सोपवलेलं होतं. तिने ते नीट सांभाळलं होतं. कपडे वाळवायचं यंत्र पूर्ण जोरात फिरत असताना तिचा आवाज त्याच्या वरून जायचा. अशी बाई आदल्या दिवसापासून मागच्या खोलीत गप्प उभी राहून चादरींना इस्त्री करत होती, आणि अशी करत होती की चादरींनी तिचं काही वाकडं केलं असावं.

कारण होते काउंटरवर पसरलेले फोटो.

लाँड्रीवाल्यांची लेक दातांच्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसायची आणि सुटीत फोटो काढायची. कॅमेरा तिला या धाकट्या काकूनेच दिलेला. काकूच्या भावाने नवा घेतला तेव्हा जुना तिने मागून आणला आणि पुतणीच्या हातात ठेवून म्हणाली, "माझा एक तरी फोटो असा काढ, की बघून मलाच वाटावं, ही कोण बाई." कॅमेऱ्याबरोबर आलेल्या लेन्समधून लाँड्रीच्या ट्यूबलाइटखाली काढलेले फोटो अंधारात चोर पकडल्यासारखे येत. म्हणून मुलीने एक नवी लेन्स आणली. बुटकी, हलकी, स्वस्तातली, एकाच अंतराची. पण उजेड अशी पिणारी, की ट्यूबलाइटसुद्धा तिला दिवाणखाना वाटावा. दुकानात नवं इस्त्रीचं यंत्र आलं होतं. त्या निमित्ताने सगळ्यांचा एक फोटो काढून काउंटरसमोरच्या भिंतीवर लावायचा बेत ठरला. मुलीने हौसेने भरपूर काढले आणि छापून आणले.

सगळ्या फोटोंत धाकटी अंधुक होती.

बाकीचे चांगले होते. थोरली, म्हणजे लाँड्रीवाल्यांची बायको, तर इतकी स्पष्ट आली होती, की हनुवटीवरचा तीळ उचलून डबीत ठेवता यावा. तिच्या शेजारी धाकटी म्हणजे कोणी चेहऱ्यावरून ओला बोळा फिरवल्यासारखी. डावीकडे उभी तरी अंधुक, उजवीकडे उभी तरी अंधुक.

फोटो पाहून धाकटीने एकच वाक्य उच्चारलं होतं, "बरोबर आहे, आम्ही मागचीच माणसं." आणि ती मागच्या खोलीत गेली होती.

"भिंतीला खिळा ठोकलाय," लाँड्रीवाले हळूच म्हणाले. "त्याच्याकडे बघून आमच्या घरात कोणी जेवत नाहीये. धाकटीने नवऱ्याकडून निरोप पाठवलाय, वाटण्या करा. मुलगी म्हणते, लेन्स परत करते आणि कॅमेरा काकूला परत देते. माझ्याच्याने हे होत नाही, असं म्हणते ती. कॅमेरा हातात आल्यापासून पहिल्यांदा पोरगी खूश दिसायला लागली होती हो."

भिंगरावांनी भिंग काढलं आणि एकेक फोटो नाकाशी धरून पाहिला. मग डोळे मिटले. ते विचार करत असावेत किंवा नसावेत. दोन्ही वेळा ते सारखेच दिसत.

"साडू, ती लेन्स आणा."

मुलीने लेन्स आणून दिली. भिंगरावांनी तिची पुढची कडी एका बाजूला फिरवली, दुसऱ्या बाजूला फिरवली, आत डोकावून पाहिलं, कानाशी धरून हलवली.

"हिच्यात झूम नाही," ते म्हणाले.

"नसतोच काका, ही एकाच अंतराची असते."

"कोण म्हणतं?"

"दुकानदार."

भिंगराव लाँड्रीवाल्यांकडे वळले. त्यांच्या नजरेत दया होती. "चोरच म्हणतोय की चोरी झाली नाही. साडू, चप्पल घाला. या लेन्समधला झूम कोणीतरी काढून घेतलाय, आणि तो काढताना जी ओढाताण झाली त्यात तुमची धाकटी पुसली गेली."

कॅमेऱ्यांच्या दुकानातला माणूस खोकल्याची गोळी चघळत बसला होता. भिंगरावांनी कोटाची कॉलर वर केली, लेन्स त्याच्यासमोर ठेवली आणि आवाज खाली आणला.

"हिच्यात झूम नाही."

"नसतो."

"नसतो म्हणजे पूर्वी होता?"

"कधीच नव्हता."

"म्हणजे कारखान्यातच मारला."

दुकानदाराने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली आणि लाँड्रीवाल्यांकडे पाहिलं. दोन सोशिक माणसं एकमेकांना लांबूनही ओळखतात.

"हे बघा साहेब," तो म्हणाला, "माणूस मोठा हवा तर पुढे जायचं. लहान हवा तर मागे यायचं. पाय दिलेत ना देवाने."

भिंगरावांनी साडूला कोपराने ढोसलं. "पायांचा उल्लेख. ध्यानात ठेवा."

लाँड्रीवाल्यांना मात्र खरोखरच विचारायचं होतं. "एक सांगा, नवीन शिकणाऱ्याने ही घ्यावी का? का पोरगी फसली? खरं सांगा. वाईट वाटणार नाही."

"घ्यावी," दुकानदार म्हणाला. "फसायला तेवढी महाग कुठेय? कमी उजेडात दिसतं, चेहरे छान येतात, आणि झूम नसल्याने माणूस उठून चालायला लागतो. बसल्या जागी फोटो काढणाऱ्याला मी पहिल्यांदा हीच देतो. मात्र शिकावी लागते. सुरुवातीला सगळ्यांना वाटतं, हिला कायम सताड उघडी ठेवायची. नाही पटली तर रविवारच्या आत परत आणा, काही म्हणणार नाही."

रस्त्यावर आल्यावर भिंगराव एकदम थांबले.

"साडू, सताड उघडी, असं तो का म्हणाला?"

"काय माहीत. लेन्सविषयी काहीतरी असेल."

"अजिबात नाही. तुमच्या दुकानाचं मागचं दार. ते सताड उघडं असतं. त्याला हे कसं कळलं?"

"तो आमचं गिऱ्हाईक आहे. सगळ्या गावाला माहीत आहे ते."

"मग संशयितांत सगळा गाव आला," भिंगराव समाधानाने म्हणाले. "काम वाढलं."

परतल्यावर दुसरा सिद्धांत तयार होता. भिंगरावांचं असं होतं, की एक सिद्धांत पडला तर त्याच जागी दुसरा उगवायला एका चहाएवढाच अवकाश लागे. गुन्ह्याचा फायदा कोणाला झाला, असा त्यांनी प्रश्न टाकला. स्पष्ट कोण आलं? थोरली. लाँड्रीत मुबलक काय असतं? खळ. तेव्हा थोरलीने बोटाला खळ लावून काचेच्या एका बाजूला, बरोबर जाऊबाईच्या जागी, हळूच टेकवली.

"ती माझी बायको आहे," लाँड्रीवाले म्हणाले.

"माझी मेव्हणी आहे. मला जास्त त्रास होतोय."

थोरली काउंटरवर पावत्या टाचत होती. भिंगराव तिच्यासमोर स्टूल ओढून बसले.

"ताई, फोटोच्या दिवशी तुमच्या हाताला खळ होती का?"

"भावजी, माझ्या हाताला खळ लग्नापासून आहे."

"कबूल करता?"

"कबूल काय करायचंय त्यात? हुंगून बघा."

"आणि जाऊबाईंशी तुमचं वैर?"

थोरलीने टाचणी खाली ठेवली. "तिच्याशी वैर धरायला मला वेळ कुठेय? सकाळी शटर वर गेल्यापासून आम्ही दोघी एका बोळात उभ्या. मी वळले तर तिला वळावं लागतं. ती शिंकली तर माझी पावती उडते. काल ती आत जाऊन बसली तेव्हा मला काउंटरवर जागा ऐसपैस झाली. मला नाही आवडली ती." मग टाचणी पुन्हा उचलत ती म्हणाली, "सकाळी दोनदा मागे हात केला, कपडे घ्यायला. हात तसाच राहिला."

तपासाच्या दृष्टीने यात काहीच नव्हतं, म्हणून भिंगरावांनी ते ऐकलं नाही. लाँड्रीवाल्यांनी ऐकलं. शिवाय फोटोंत धाकटी कधी डावीकडे तर कधी उजवीकडे होती, तेव्हा एका बाजूची खळ तिचा पाठलाग कसा करेल, असंही त्यांनी विचारलं. भिंगराव म्हणाले, "खळ वाळताना सरकते." लाँड्रीवाल्यांचा सगळा जन्म खळीत गेला होता. त्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलीने लेन्स दिव्यासमोर धरून दाखवली. काच आरशासारखी लख्ख होती. दुसरा सिद्धांतही पहिल्याच्या शेजारी जाऊन झोपला.

तिसरा सिद्धांत मात्र भिंगरावांना स्वतःलाच इतका आवडला, की तो सांगताना ते उभे राहिले.

"गुन्हेगार कॅमेऱ्याच्या मागे नाही. कॅमेऱ्याच्या पुढे आहे. तुमची धाकटी हलते."

"हलते म्हणजे?"

"थरथरते. सूक्ष्म. डोळ्याला दिसत नाही, लेन्सला दिसतं. वाळवण्याच्या यंत्राशेजारी वर्षानुवर्षं उभी राहिलेली बाई. यंत्राची थरथर हाडांत मुरते. घरी गेल्यावरही चालू राहते."

"मग ती चहाचा कप धरते कसा?"

"उत्तम. प्रयोग तोच."

मागच्या खोलीत धाकटी चादरींच्या ढिगामागे उभी होती. तिचा चष्मा वाफेने रोज धुरकटायचा, म्हणून तो कायम एप्रनच्या खिशात असायचा आणि जग ती बारीक डोळे करून बघायची. तिने तसेच डोळे बारीक करून भिंगरावांकडे पाहिलं.

"वहिनी, हा कप तळहातावर धरा. काठोकाठ भरलाय. हलू देऊ नका."

"कशाला?"

"शास्त्रासाठी."

भांडायचीही इच्छा उरली नव्हती, म्हणून तिने धरला. कप देवळातल्या समईसारखा स्थिर राहिला. भिंगराव भिंग घेऊन वाकले, आणखी वाकले, पृष्ठभागावरचे तरंग मोजायला नाक कपाच्या कडेपर्यंत नेलं, आणि गरम वाफ नाकात गेल्यावर जे कोणाचंही होईल ते त्यांचं झालं. शिंक इतकी थोर होती की पुढच्या खोलीत थोरलीची पावती उडाली. सगळा चहा गुप्तहेरशिरोमणींच्या कोटावर आणि तिथून पँटवर उतरला.

"मी हलले नाही," धाकटी म्हणाली. कालपासूनचं तिचं हे दुसरं पूर्ण वाक्य.

चहाचा डाग वाळू देणं हे लाँड्रीच्या धर्मात बसत नाही. लाँड्रीवाल्यांनी कोट आणि पँट काढून घेतली आणि यंत्रात टाकली. बदली म्हणून हाताशी आली ती एका गिऱ्हाइकाने नेलीच नाही अशी जुनी चादर. तिच्यावर गुलाबी फुलं होती, प्रत्येक फूल पानकोबीएवढं. भिंगरावांनी ती अंगाभोवती गुंडाळली. खाली पोटऱ्या उघड्या राहिल्या.

"कोट वाळेपर्यंत थांबा," लाँड्रीवाले म्हणाले.

"सत्य वाळायची वाट बघत नाही," भिंगराव म्हणाले. "सगळ्यांना पुढच्या खोलीत बोलवा. गौप्यस्फोट करतो."

सगळी मंडळी काउंटरच्या मागे जमली. धाकटी यायला तयार नव्हती. मुलगी तिला बोलवायला गेली ती कॅमेरा गळ्यात अडकवूनच, आणि म्हणाली, "काकू, चल ना. नाहीतरी हा तुला परतच द्यायचाय. एकदा सगळ्यांसमोर देते." तेव्हा धाकटीच्या तोंडावर काहीतरी हललं आणि ती आली. लाँड्रीवाल्यांनी भिंतीकडे पाहिलं. हा एवढा भिंतीवरचा खिळा, आणि त्याला दुकान, घर, पोरीची हौस, सगळं अडकून लोंबायला लागलं होतं.

भिंगराव कपड्यांच्या रांगेपुढे, इस्त्रीच्या नव्या यंत्राशेजारी, चादरीत उभे राहिले. एक हात त्यांनी चादरीबाहेर काढला.

"मंडळी. झूम चोरीला गेला नाही. खळ निर्दोष आहे. वहिनी थरथरत नाहीत, थरथरलो मी. अशक्य ते सगळं बाजूला टाकल्यावर माझ्या हाती एकच गोष्ट उरली. लेन्स चांगली आहे. फोटो बरोबर आहेत." त्यांनी दम घेतला. "वहिनीच अंधुक आहेत."

यंत्रात कोट फिरत होता.

"वाफेने," भिंगराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "साबण वाफेत ठेवला तर त्याचे काठ झिजतात, तसं माणसाचंही. इतकी वर्षं वाफेत काढल्यावर वहिनींचे काठ सुटलेत. आपल्याला रोज बघून सवय झाली. लेन्स नवी आहे, तिने खरं ते दाखवलं. कोणाचीच चूक नाही. उपाय म्हणून त्यांनी थोडे दिवस कोरड्या हवेत—"

"आणा तो फोटो इकडे," धाकटी म्हणाली.

आवाज यंत्राच्या वरून गेला. थोरलीने नकळत सुटकेचा श्वास टाकला.

धाकटीने फोटो हातभर लांब धरला. चष्मा खिशातच होता. तिने नेहमीसारखे डोळे बारीक केले आणि बराच वेळ पाहत राहिली. मग डोळे पूर्ण उघडून पाहिलं. मग पुन्हा बारीक केले.

"मला तुम्ही सगळेच असे दिसता," ती म्हणाली.

"कसे?"

"मी या फोटोत आहे ना, तसे. चष्मा नसला आणि डोळे टक्क उघडे ठेवले, की जवळचं काय, लांबचं काय, सगळं पाण्यात पडल्यासारखं. डोळे असे बारीक केले की तुम्ही जागेवर येता. भिंगरावांची ती फुलंसुद्धा दिसतात." तिने मान वळवून पुतणीकडे पाहिलं. "तुझ्या त्या लेन्सला डोळे बारीक करता येत नाहीत का गं?"

मुलीने झटकन कॅमेरा वर घेतला आणि त्यावरचा आकडा पाहिला.

"करता येतात," ती हळूच म्हणाली. "आत एक भोक असतं. लहान-मोठं करता येतं. मी ते पहिल्यापासून सगळ्यात मोठं ठेवलंय. उजेड जास्त येतो, मागचं मऊ दिसतं. मोबाइलवर सगळे तेच सांगतात. पण मोठं ठेवलं की एका पातळ पट्टीतलंच स्पष्ट येतं, त्याच्या पुढे-मागे सगळं धूसर. वाचलं होतं मी. मला वाटलं, ते फुलांच्या फोटोंसाठी असतं. आणि इथे जागा नाही म्हणून मी अगदी जवळून काढत होते, मग तर ती पट्टी आणखीच पातळ."

"आकडा कुठेय म्हणालीस?" भिंगराव चादर सावरत पुढे आले.

"हा काय, इथे. आकडा लहान म्हणजे भोक मोठं, आकडा मोठा म्हणजे भोक लहान."

भिंगरावांनी आकडा वाचला. उभा जन्म ज्याने मीटरवरचे आकडे वाचले, त्याच्यासमोर हा आकडा सकाळपासून होता. "उलटा मीटर," ते नाराजीने पुटपुटले. "माझ्या वेळी असा असता तर मी नोंद घेतली नसती."

"काका, तुमचं भिंग वर्तमानपत्रावर धरा," मुलगी म्हणाली. "थोडं वर-खाली करा. एकाच ठिकाणी अक्षर स्पष्ट दिसेल, बाकी सगळीकडे धूसर. तेच आहे हे."

भिंगरावांनी धरून पाहिलं आणि भिंग लगेच चादरीत लपवलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे मनातल्या मनात म्हणायचं की मोठ्याने, असा लाँड्रीवाल्यांना प्रश्न पडला. त्यांनी मनातच म्हटलं. पण त्यांना आता वेगळीच गोष्ट छळत होती.

"पट्टी पातळ, हे कळलं," ते म्हणाले. "पण दर वेळी धाकटीच बाहेर का? जागा तर बदलत होती. बाळ, कॅमेरा धर बघू त्यांच्यावर. काढू नकोस, नुसता धर."

मुलगी काउंटरच्या पलीकडे गेली आणि तिने कॅमेरा डोळ्याला लावला. थोरली आणि धाकटी शेजारी शेजारी उभ्या होत्या. कॅमेरा वर आला मात्र, थोरली काउंटरला टेकली आणि धाकटी, कोणी न सांगता, अर्धं पाऊल मागे सरकली. तिचा हात आपोआप मागच्या टांगलेल्या कपड्यांवर गेला.

लाँड्रीवाल्यांनी कपाळावर हात मारून घेतला. काउंटर आणि कपडे यांच्यामधला तो बोळ जेमतेम एका माणसाचा. गिऱ्हाईक समोर आलं की थोरलीने पुढे व्हायचं, पावती घ्यायची. धाकटीने अर्धं पाऊल मागे जायचं आणि कपडे काढायचे. दोघींचं हे इतकं बसलेलं होतं, की काउंटरसमोर तोंड करून कोणीही उभं राहिलं तरी पाय आपोआप सरकत. कॅमेराही त्यांना गिऱ्हाईकच वाटला होता.

"अगं, पोरगी आहे ती," थोरली म्हणाली. "कोणाचा शर्ट काढतेस?"

धाकटीने मागे पाहिलं. हातात खरोखरच एका गिऱ्हाइकाचा शर्ट आला होता. तिने तो पुन्हा टांगला आणि कालपासून पहिल्यांदा हसली.

"सवय हो, जाऊबाई."

"मग मोड ती," असं म्हणत थोरलीने तिचं कोपर धरून तिला आपल्या ओळीत ओढलं आणि कोपर सोडलं नाही.

मग मुलगी भराभर कामाला लागली. भोक बारीक केलं तर उजेड कमी पडणार, म्हणून तिने दुकानाचं शटर पूर्ण वर करायला लावलं. मग दुकानदाराचं म्हणणं पाळलं. झूम नव्हता, पाय होते, ती चालत मागे गेली आणि फुटपाथवर पोचली. कॅमेरा हलू नये म्हणून स्टुलावर चार टॉवेलांच्या घड्या, घड्यांवर कॅमेरा. लाँड्रीवाले थोरलीच्या शेजारी उभे राहिले. धाकटा भाऊ नेमका गाडी घेऊन परत आला, त्याला बायकोने खूण केली आणि तो काही न विचारता रांगेत शिरला.

"हलू नका," मुलगी ओरडली.

"मी कधीच हलत नाही," धाकटी म्हणाली.

फोटो निघाला. पाठच्या छोट्या पडद्यावर मुलीने तो मोठा करून पाहिला आणि कॅमेरा काकूच्या हातात दिला. धाकटीने या वेळी एप्रनच्या खिशातून चष्मा काढला, पुसला आणि लावला. फोटोत ती होती. भुवया, कानातलं, एप्रनवरची शिवण, सगळी.

"आता कॅमेरा परत घेतेस?" मुलीने विचारलं.

"कशाला घेऊ? तू एक काम कर." धाकटीने तिच्या कानाशी तोंड नेलं, पण तिचा आवाज कानापुरता कधीच मावत नसे. "ते भोक परत सताड उघड. माझ्या एकटीवर धर. आणि जाऊबाईंना मागे उभ्या कर."

"मला ऐकू आलं," थोरली म्हणाली आणि निमूट जाऊन मागे उभी राहिली.

तो फोटो धाकटीच्या खोलीत आरशाशेजारी आहे. त्यात दुकान मऊ धुक्यासारखं विरघळलंय, टांगलेले कपडे रंगांचे नुसते ठिपके झालेत, थोरली म्हणजे मागे उभी केलेली एक हसरी सावली आहे, आणि मधोमध धाकटीचा चेहरा इतका उजळ आणि स्पष्ट आलाय, की पाहणारा विचारतो, ही कोण बाई. धाकटीही पहिल्यांदा तेच म्हणाली होती. रविवार आला आणि गेला. लेन्स परत गेली नाही, कॅमेराही नाही. कॅमेऱ्यांच्या दुकानातला माणूस आता नवीन शिकणाऱ्यांना ती विकताना सांगतो, की एकदा डोळे बारीक करून बघा, मग हिला न्या.

लाँड्रीच्या भिंतीवरच्या खिळ्याला मात्र सगळ्यांचा फोटो लागला. भोक बारीक असल्याने त्यात पुढचं-मागचं सगळं सारखंच स्पष्ट आहे. थोरली, धाकटी, दोघे भाऊ. त्यांच्या मागे नवं इस्त्रीचं यंत्र, त्यावरची अक्षरंसुद्धा वाचता येतात. आणि यंत्राच्या बाजूला, आपण फोटोत येत नाही या विश्वासाने कोटाची वाट बघत उभे असलेले, पानकोबीएवढ्या गुलाबी फुलांच्या चादरीतले एक गृहस्थ. पोटऱ्यांसकट. नाकात बोट घातलंय की नाक खाजवताहेत, यावर गिऱ्हाइकांत दोन मतं आहेत.

भिंगरावांनी पुष्कळ विनवण्या केल्या, की निदान तेवढ्यापुरतं भोक उघडून फोटो परत काढा. धाकटी ऐकत नाही. मग त्यांनी वेगळा मार्ग काढला. कोणी नवं गिऱ्हाईक फोटोकडे बोट दाखवून विचारायला लागलं, हे मागे कोण, की भिंगराव कोटाची कॉलर वर करतात, भिंग काढतात, फोटोला नाक लावून बराच वेळ पाहतात आणि गंभीरपणे मान हलवतात.

"अज्ञात इसम," ते म्हणतात. "तपास माझ्याकडे आहे."